पोटाचं केळवण

"आत सरका मामा, आत! दारात काय मंगळसूत्र पडलंय का तुमचं?"

वसमतहून हिंगोलीला जाणाऱ्या गाडीत हा आवाज ऐकू आला, की समजायचं, आज संगिताची ड्युटी आहे. आवाज असा, की इंजिननंही जरा दबून चालावं. आवाजामागून खुद्द कंडक्टरीनबाई निघाल्या, की मधल्या वाटेत बसलेले लोक गुडघे उचलतात, पिशव्या मांडीवर घेतात. संगिता तिकिटाची मशीन छातीशी धरते, एका कुशीवर वळते आणि आडवी आडवी सरकत मागच्या सीटपर्यंत जाते. कुणी हसायच्या आत तीच म्हणते, "रथ येऊन राहिला, वाट द्या!"

वजन एकशे अठरा किलो. लपवायचा प्रश्नच नव्हता, लपवणार कुठे? पण अलीकडे गुडघे बोलायला लागले होते. शुगर होती. झोपेत श्वास अडकायचा, तेव्हा नवरा सुदाम दचकून उठायचा आणि तिला हलवायचा. मग दिवसा डोळे मिटायचे. एका दुपारी औंढ्याच्या अलीकडे तिनं खांबाला डोकं टेकलं आणि उभ्याउभ्याच तिला झोप लागली. उतरणारी एक म्हातारी "थांबवा, थांबवा" ओरडत राहिली आणि बेल काही वाजली नाही. शेवटी ड्रायव्हर प्रेमदासनं आरशात बघून आपणच ब्रेक मारला.

चहा पिताना तो म्हणाला, "ताई, म्या आरशात मागच्या गाड्या बघू का तुमाला बघू?"

संगिता हसली. पण त्याच आठवड्यात तिनं नांदेडची वाट धरली.

नांदेडच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि पोट लहान करायचं ऑपरेशन सुचवलं. दुर्बिणीतून, चार-पाच बारीक छिद्रं पाडून. पुढचं समजावायला त्यांनी तिला सृष्टीकडे पाठवलं. सृष्टी म्हणजे तिथली आहाराची डॉक्टर, वयानं एवढीशी पोरगी, पण बोलणं मास्तरणीचं.

"ताई, ऑपरेशनच्या आधी पंधरा दिवस फक्त पातळ. ताक, वरणाचं पाणी, मुगाचं कढण आणि ही प्रोटीनची पावडर. तुमच्या लिव्हरवर चरबी चढलीय. ते फुगून पोटावर बसलंय. पंधरा दिवसांत ते आकसतं, मग आम्हाला काम करायला जागा मिळते."

"आन न्हाई आकसलं तर?"

"तर परत पाठवतो. धोका घेत नाही."

"कळलं. दोघांच्या सीटवर माझ्यासारखी बसली, की बाजूच्याला टेकायला जागा न्हाई."

सृष्टीला हसू आलं. "अगदी बरोबर."

म्हणजे संगिताला सगळं नीट कळलं होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

घरी आल्यावर तिनं ऑपरेशननंतरचं सगळं सांगितलं. पहिला महिना पातळ, मग मऊ, मग जन्मभर थोडं थोडं. सासू गोजरबाई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला.

"थोडं म्हंजे किती?"

"वाटीभर, आत्याबाई."

"जन्मभर?"

"जन्मभर."

"आगं, वाटीभर तर आपली मांजर दूध पिती! आन वरून ओरडती!" गोजरबाईनं पिठाचा हात कपाळाला लावला. कपाळावर पांढरा पंजा उमटला. "कष्टाचं अंग हाय तुझं. दिवसभर गाडीत उभी राहतीस. काय ताकद राहील?"

सुदाम जेवत होता. त्याची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या घरघरीत बोलून उपयोग नसतो, त्यामुळे माणूस घरीही दोनच वाक्यं बोलतो. त्यातलं एक त्यानं आज खर्च केलं.

"आन आधीचं काही पथ्य सांगितलं आसंल की?"

संगितानं ताटातली मिरची उचलली, पुन्हा ठेवली.

"न्हाई. हलकं खा म्हणले."

आपण असं का बोललो, ते तिचं तिलाही त्या वेळी कळलं नाही.

रात्रीतून गोजरबाईला सुचलं. सकाळी ती कपाळ धुऊन, नवं लुगडं नेसून शेजारी गेली आणि जाहीर केलं, "पोरगी सासरी जायच्या आधी भाऊबंद तिला घरोघर जेवायला बोलवतात का न्हाई? केळवण करतात का न्हाई? मंग हिचं पोट बी निघालंच की. त्याला काय तसंच उपाशी लावून देता?"

शेजारणीला हे इतकं पटलं, की त्याच दुपारी तिच्याकडे पहिलं केळवण झालं. पाट, पाटाभोवती रांगोळी, औक्षण, ओटीत नारळ आणि ताटात भरली वांगी. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतून बोलावणं आलं. मग आगारातल्या बायांनी डबे एकत्र केले. हिंगोलीला रोज जाणाऱ्या एका मास्तरीणबाईंनी चालत्या गाडीत धपाटे-दही पुढं केलं. "ताई, न्हाई म्हणायचं न्हाई. पुन्हा काय तुम्ही खाणार हाव!" मागच्या सीटवरून कुणीतरी आवाज दिला, "हळदी कवा हाय?"

"मंगळवारी!" संगिता ओरडली. "समद्यांनी तिकिटं काढून या!"

एकटा प्रेमदास तेवढा पुन्हा आरशातून म्हणाला, "ताई, वजन कमी करायचं ऑपरेशन हाय ना? का वाढवायचं?"

"तू पुढं बघ."

सृष्टी रोज फोन करायची. संगिता रोज सांगायची, ताक घेतलं, कढण घेतलं. खोटंही नव्हतं. ताक घ्यायचीच ती, जेवणावर.

शिरड शहापूरच्या थोरल्या जावेनं, सोजराअक्कानं तर कहर केला. संगिताच्या सुट्टीच्या दिवशी तिनं अंगणात सतरंजी टाकली, गल्लीतल्या बाया गोळा केल्या आणि पुरणाचा घाट घातला. संगिताला मधोमध पाटावर बसवलं. पाट एक पुरेना, म्हणून दोन जोडले.

"नाव घे! नाव घेतल्याबिगर घास न्हाई!"

"आगं, लगीन होऊन जमाना झाला!"

"पोटाचं तर पहिलंच हाय!"

संगितानं घसा खाकरला. एवढे प्रेक्षक समोर असल्यावर तिला राहवेना.

"वसमतच्या बाजारात हळदीचा ढीग,
सुदामरावांच्या गिरणीवर बायांची रीघ!"

हशा पिकला. सोजराअक्कानं तुपाची धार सोडली. पहिली पोळी गेली, दुसरी मोडली, आणि तेवढ्यात फोन वाजला. सृष्टी. तोही चेहरा दिसणारा फोन. संगितानं घाईत कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला.

"ताई, दिसत नाही आहात."

"रेंज न्हाई इकडं."

"आज काय घेतलं?"

"ताक."

"आगं वाढ तिला अजून एक!" मागून सोजराअक्का कडाडली. "तूप काहून हात आखडून टाकून राहिली गं? जावेचं पोट हाय, परक्याचं न्हाई!"

"ताई," सृष्टी म्हणाली, "ताकावर तूप कोण वाढतंय?"

संगिता उठली. दोन पाटांवरून उठायला वेळ लागतो. ती भिंतीच्या आडोशाला गेली आणि तिनं अंगठा काढला. तिच्या ओठाला पुरण लागलेलं सृष्टीला स्वच्छ दिसलं.

"लोक प्रेमानं बोलवून राहिले. मोडवत न्हाई माझ्यानं."

"तुम्ही गाडीत रोज किती लोकांना नाही म्हणता? सुट्टे नाहीत, नाही. इथं थांबत नाही, नाही. तुम्हाला नाही म्हणता येत नाही होय?"

संगितानं ओठाचं पुरण पुसलं.

"एक विचारते, रागावू नका. लोकांसाठी खाताय, का ऑपरेशन टळावं म्हणून?"

संगितानं फोन बंद केला. अंगणात येऊन बसली. तिसरी पोळी ताटात होती. ती तिनं खाल्लीही. पण ती पुरणपोळी होती की पुठ्ठा, हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

परत येताना ती प्रवासी म्हणून खिडकीशी बसली होती. दुसराच कंडक्टर होता, बारीक अंगाचा, मधल्या वाटेतून सुईसारखा जाणारा. त्याचा आवाज मागच्या सीटपर्यंत पोचत नव्हता. लोक त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. संगिता त्याच्याकडे बघत राहिली.

घरी गोजरबाई उद्याच्या केळवणासाठी डाळ निवडत बसली होती. संगिता तिच्यासमोर खाली बसली. खाली बसते म्हणजे काहीतरी मोठं आहे, हे गोजरबाईनं ओळखलं. कारण बसल्यावर उठवायला दोघं लागतात.

"आत्याबाई, मला पंधरा दिवस कायच खायचं नव्हतं. नुसतं पातळ. म्या सांगितलं न्हाई."

गोजरबाईच्या हातातली डाळ तशीच राहिली. "काहून?"

"खाल्लं की लिव्हर मोठं राहतं. मोठं राहिलं की डॉक्टर परत पाठवतो. म्हंजे मला न्हाई म्हणायची गरज न्हाई. डॉक्टरच न्हाई म्हणला, असं सांगता येतं."

"भेव वाटून राहिलं तुला?"

"लई." एवढ्या मोठ्या बाईच्या तोंडून तो शब्द एवढासा निघाला.

गोजरबाईनं सूप बाजूला सारलं.

"म्या तुला काहून खाऊ घालून राहिले, ठाव हाय? तुझा सासरा नांदेडला ऑपरेशनला गेला, तवा आदल्या रात्री त्यानं भाकर मागितली. चतकोर. डॉक्टरनं मनाई केली व्हती, म्या दिली न्हाई. सकाळी त्याला आत नेलं, ते..." तिनं पदर तोंडाला लावला. "मला वाटलं, हिला तरी पोटभर जाऊ दे. न जाणो."

"म्हंजे तुमी मला निरोपच देत होत्या की!"

"व्हय गं बाई."

"आन मी इथं दोन पाटांवर बसून नाव घेऊन राहिले!"

आधी संगिता हसली, मग गोजरबाई. मग दोघी रडल्या. सुदाम गिरणीवरून आला तेव्हा दोघी नाकं पुसत होत्या. त्यानं एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं आणि उरलेलं वाक्य वापरलं. "कुणी गेलं का?"

दुसऱ्या दिवशी संगितानं आपण होऊन सृष्टीला फोन केला. नांदेडला सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी पडद्याकडे बघून मान हलवली. "नाही होणार या वेळी. पंधरा दिवसांनी या. पण ते पंधरा दिवस खरे असू द्या."

टळलं की हायसं वाटेल, असं संगिता धरून चालली होती. तसं काहीच झालं नाही. तिला राग आला, सुट्टीचा अर्ज केला होता त्याचा, गल्लीभर सांगून ठेवलं होतं त्याचा आणि सगळ्यात जास्त त्या तिसऱ्या पोळीचा. खाऊन मजासुद्धा आली नव्हती.

ती सृष्टीच्या टेबलासमोर बसली. "आता मला खरं खरं सांगा. नंतर काय होतं? गोड गोड नको. पेपरात येतात ना आधीचे-नंतरचे फोटो, तसलं नको."

सृष्टीनं सांगितलं. त्याच दिवशी उठवून चालवणार. आत हवा भरलेली असते, तिनं खांदा दुखतो, घाबरायचं नाही. पाणीसुद्धा घोट घोट. घाई केली तर उलटी. सुरुवातीला वजन भरभर उतरतं, मग मध्येच अडून बसतं, तेव्हा वाटतं फसलो. केस गळतात, पुन्हा येतात. आणि कधी कधी उगीच रडू येतं, कारण आजवर रडू आलं की आपण खात आलेलो असतो.

संगितानं विचारलं, "आन आवाज?"

"आवाजाचं काय?"

"बारीक झाल्यावर आवाज बी बारीक होतो का?"

सृष्टीनं पेन खाली ठेवलं. "ताई, आवाज पोटात नसतो."

"माझा हाय. या अंगानं मी गाडी धाकात ठेवते. उद्या मी काडी झाले आन कुणी सरकलंच न्हाई, तर?"

"काडी नाही होणार, ते आधी डोक्यातून काढा. आणि लोक तुमच्या अंगाला सरकतात का बोलण्याला, ते ड्युटीवर परत गेल्यावर बघू. मला आत्ता माहीत नाही." सृष्टीनं पेन पुन्हा उचललं. "अजून काही?"

"भूल."

मग भूल देणारे डॉक्टर आले, टक्कल पडलेले, चष्म्याची दोरी गळ्यात. संगितानं सरळच विचारलं, "तुमी भूल दिली की माझी गाडी चालू, आन बेल मारायला कोण? थांबायचं कुठं, कसं कळणार?"

"बाई, भूल देणारा भूल देऊन घरी जात नाही. शेवटपर्यंत तुमच्या डोक्याशी बसतो. श्वास, ठोके, सगळं बघत. धोका अजिबात नाही, असं म्हणणार नाही. पण झोपेत तुमचा श्वास अडकतो, तो रोजचा धोका आहे आणि तिथं डोक्याशी कुणी नसतं."

"सुदामराव असतात."

"तेही झोपत असतील की!"

संगितानं मान डोलावली. भीती गेली नाही. पण आता ती कुठं बसलीय, कुठल्या सीटवर, ते दिसत होतं.

इकडे वसमतात गोजरबाईनं सूत्रं हाती घेतली होती. केळवणाची बोलावणी अजून येतच होती. आणि बोलावणं मोडायचं नसतं, हे तिचं ठाम. तिनं सगळ्यांना एकच निरोप धाडला: "केळवण करा, पण पातळ."

लोकांना वाटलं, म्हातारीला लागलं वेड. मग चढाओढ लागली. एकीनं ताकाला जिऱ्याची धुरी दिली. दुसरीनं टोमॅटोचं सार केलं आणि गाळून गाळून असं केलं, की पेल्याचा तळ दिसावा. रांगोळी तीच, औक्षण तेच, फक्त ताटाच्या जागी पेला. संगिता पाटावर बसून घोट घोट घ्यायची आणि पंचवीस बाया टक लावून बघायच्या, जणू पेल्यातून काहीतरी निघणार आहे. सोजराअक्का शिरडहून कढण घेऊन आली आणि म्हणाली, "तूप न्हाई टाकलं बाई. हात थरथरत व्हता, पण न्हाई टाकलं."

सुदामनं प्रोटीनची पावडर चिमटीत धरून चोळली. "बारीक दळलंय," एवढंच बोलला, पण रोज सकाळी तीच घुसळून तिच्या हातात द्यायला लागला.

पहिले चार दिवस संगिता चिडचिडी झाली. गाडीत भज्याचा वास आला, की ती खिडकी उघडायची. एकदा एका पोरानं समोर वेफर्सची पुडी फोडली, तेव्हा तिनं त्याला मागच्या सीटवर नेऊन बसवलं. "ड्युटी करू देतो का न्हाई, लेकरा?" मग हळूहळू अंग हलकं वाटायला लागलं. या वेळच्या सोनोग्राफीला डॉक्टरांनी मान हलवली ती वरखाली.

आणि मग तो दिवस आला. हिरवा गाऊन, डोक्याला टोपी, व्हीलचेअर. ऑपरेशनच्या दाराशी सुदाम उभा. गोजरबाई बाकावर, पदर घट्ट आवळून.

"आत्याबाई, सकाळी काय खाल्लं?"

"न्हाई खाल्लं."

"काहून?"

"तू बाहेर आल्याबिगर पाणी घेत न्हाई म्या. बोलले देवाला."

व्हीलचेअर ढकलणारी मोतीबाई, तिथली जुनी मावशी, पुढे निघाली. संगितानं दोन्ही हातांनी चाकं धरली. चाकं थांबली. एवढं वजन थांबलं म्हणजे थांबलंच.

"मंग मी न्हाई जात."

"ओ बाई, डॉक्टर थांबलेत आत!" मोतीबाई म्हणाली.

"थांबू द्या. आत्याबाई, तुमाला बी शुगर हाय. तुमी इथं चक्कर येऊन पडल्या, तर हे कुणाकडं धावतील? माझ्याकडं का तुमच्याकडं?"

"देवाला बोलले ना गं..."

"देवाला माझं नाव सांगा. म्हणावं, कंडक्टरनं उतरवलं."

दारातून भूल देणारे डॉक्टर डोकावले. "काय झालं?"

"सासू जेवत नाही, म्हणून पेशंट येत नाही," मोतीबाईनं एका दमात सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. एवढ्या वर्षांत हे कारण नवीन असावं.

मोतीबाईनंच तोडगा काढला. कोपऱ्यातल्या खिडकीवर तिची पिशवी होती. तिनं डबा काढला, ज्वारीची भाकरी, वर पिठलं. मागे भिंतीवर पाटी होती, येथे खाण्यास मनाई आहे. मोतीबाई त्या पाटीपुढं उभी राहिली, म्हणजे पाटी झाकली गेली.

"खा, आजी. आत डॉक्टरांची वेळ जाऊन राहिली."

गोजरबाईनं चतकोर भाकरी मोडली. घास तोंडापर्यंत गेला, थांबला. तिनं संगिताकडे बघितलं. संगिता गाऊनमध्ये, टोपीत, ओठ कोरडे, स्वतः रात्रीपासून उपाशी, आणि डोळे तिच्यावर.

"गिळा," संगिता म्हणाली.

गोजरबाईनं घास घेतला. चावला. गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "पिठलं तिखट हाय गं," ती म्हणाली.

"अजून एक."

दुसरा घास गेला. सुदामनं पाण्याची बाटली उघडून आईच्या हातात दिली. तिसऱ्या घासाला गोजरबाईला सांगावं लागलं नाही.

संगितानं चाकांवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. "चला मावशी," ती म्हणाली. आवाज जरा फुटला, पण पार बाकापर्यंत ऐकू गेला.